वहिनींचा थांबा

बस डेपोत वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसाला लोक सहसा शिव्यांनी ओळखतात. गाडी उशिरा आली की एक शिवी, लवकर सुटली की दोन. आपल्या या गृहस्थांना मात्र सगळा डेपो प्रेमाने मिनिटराव म्हणायचा, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अजून म्हणतो. त्यांनी सांगितलेली वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नव्या चालकाला ते पहिल्याच दिवशी बजावायचे की बाबा रे, उशीर झाला तर मी सांभाळून घेईन, पण प्रवाशाला खोटी वेळ सांगितलीस तर माझ्यासमोर उभा राहू नकोस. घरी तर बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणंच सोडून दिलं होतं. स्वयंपाकघरातून विचारायचं, "अहो, किती वाजले?" आणि येईल ते उत्तर खरं मानायचं, असा चाळीस वर्षांचा शिरस्ता.

अशा माणसाने बायकोला खोटी वेळ सांगितली होती, आणि ती बायको आता आकाशात होती.

सकाळी सातला विमान सुटलं. मिनिटराव विमानतळाच्या गच्चीवर जाळीला नाक लावून उभे होते. विमान ढगात शिरलं, त्याचा आवाजही विरला, तरी ते हलेनात. शेवटी तिथल्या झाडूवाल्याने काका जरा पाय उचला म्हटलं तेव्हा भानावर आले. आत जाताना बायकोने त्यांना काय सांगितलं, तर नेहमीचंच. कुंड्यांना पाणी घाला. रात्री दार नीट लावून घ्या, मी नाही म्हणून उघडं टाकू नका. फ्रिजमध्ये दोन डबे आहेत, वरचा सकाळचा आणि खालचा रात्रीचा. रात्रीचा मात्र माझा पोचल्याचा फोन आल्याशिवाय उघडू नका. एवढं बोलून ती वळली आणि गर्दीत नाहीशी झाली. चेहरा पांढराफटक पडला होता, पण चाल ताठ होती.

परतीच्या बसमध्ये मिनिटरावांनी चालकाला दोन मिनिटं उशिरा निघालास असं सांगितलंसुद्धा नाही. यावरून त्यांची अवस्था ओळखावी.

आता ही भानगड काय होती ते सांगायला हवं. मिनिटरावांच्या बायकोला बंद जागा सोसत नसे. तरुणपणी कुठल्याशा सरकारी कचेरीत ती लिफ्टमध्ये अडकली होती. फार वेळ नाही, पण त्या पेटीत दिवा गेला आणि एक माणूस ओरडायला लागला, आणि तेव्हापासून तिच्या छातीत जे बसलं ते बसलंच. तिच्यापुरती लिफ्ट कायमची बंद झाली. म्हणून यांचं घर तळमजल्यावर. न्हाणीघराचं दार नेहमी बोटभर उघडं. घरातली खिडकी लावायची म्हणजे आधी परवानगी काढायची. आणि बस? बसमध्ये ती चढायची, पण पंधरा-वीस मिनिटं झाली की तिचा जीव गुदमरायला लागायचा. मग कुठेही असो, तिला उतरावं लागे. खाली उतरून चार पावलं चालली, दोन मोठे श्वास घेतले, की पुन्हा माणसात.

तिची बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि तिच्याकडे दर आठवड्याला जाणं व्हायचं. त्या मार्गावर पाण्याच्या टाकीजवळ एक वळण होतं. तिथे थांबा नव्हता, पण बस तिथे उभी राहायची. वहिनी उतरायच्या, टाकीपर्यंत जाऊन यायच्या, पुन्हा चढायच्या. डेपोतली सगळी माणसं त्या जागेला वहिनींचा थांबा म्हणायची. प्रवाशांनाही तो पाठ झाला होता; कुणी बिडी ओढून घ्यायचं, कुणी पाय मोकळे करायचं. आणि छापील वेळापत्रकात त्या फेरीला शेजारच्या फेरीपेक्षा दोन मिनिटं जास्त दिलेली असायची. ती कुणी दिली आणि का, हे वरपासून खालपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. विचारलं कुणीच नाही.

तर अशा बाईची एकुलती एक मुलगी समुद्रापलीकडे आठ वर्षं राहत होती, आणि तिला आता दिवस गेले होते. याआधी एकदा गेले होते आणि टिकले नव्हते. त्या वेळी आई जवळ नव्हती. ती मुलीच्या मनात राहिलेली गोष्ट कधी बोलली गेली नाही, पण फोन ठेवताना तिघांनाही ऐकू येई. या खेपेला डॉक्टरांनी शेवटचे दोन महिने अंथरुणातून उठू नकोस म्हणून सांगितलं. जावयाला नोकरीतून सुटका नव्हती. मुलीने मागणं असं काही मागितलं नाही. फक्त एवढं म्हणाली, "आई, जमेल का गं?"

दोघांनी मिळून जावं हे खरं तर सरळ होतं. पण मिनिटरावांनी कारणं काढली. घराला कुलूप नको. कुंड्या वाळतील. गुडघा. आतली गोष्ट अशी की हजारो गाड्या सोडणारा हा माणूस स्वतः जमिनीपासून कधी उठला नव्हता. जी गाडी मधे थांबवता येत नाही ती गाडीच नव्हे, असं त्यांचं ठाम मत. विमान म्हटलं की त्यांची पाचावर धारण बसायची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. म्हणजे बंद जागेला भिणारी बायको जाणार, आणि कशालाच न भिणारे म्हणून प्रसिद्ध असलेले मिनिटराव घरी कुंड्या राखणार, असा एकूण न्याय.

मुलीने दोन पर्याय बाबांना कळवले. एका विमानाने मधल्या एका शहरात उतरायचं, तिथे सहा तास बसायचं आणि दुसरं पकडायचं. सगळं मिळून बावीस तास. नाहीतर थेट, समुद्र ओलांडून एका दमात, चौदा तास. परक्या विमानतळावर भाषा न येणारी बायको एकटी सहा तास कुठे भटकेल, या विचाराने मिनिटरावांनी थेट विमान घ्यायला सांगितलं. तिकिटाचा कागद आला. तो घेऊन ते जेवायला बसले. बायकोनेच तो हातातून घेतला आणि चष्मा लावून वाचला.

"सातला निघतं आणि दहाला पोचतं. म्हणजे तीन तास."

सातला निघतं ते इथल्या घड्याळाने आणि दहाला पोचतं ते तिथल्या, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य सांगितलं की पुढचं वाक्य चौदा तास हे होतं, आणि त्याच्या पुढचं वाक्य बायकोचं, की मग मला जमायचं नाही. आणि त्याच्याही पुढे मुलगी, एकटी, अंथरुणात.

"तीन तासच ना हो?" तिने पुन्हा विचारलं.

"कागदावर तर तसंच आहे," मिनिटराव ताटाकडे बघत म्हणाले.

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली की तीन तास काय, दात आवळून काढीन. आणि उठून हात धुवायला गेली. मिनिटरावांनी त्याच दिवशी मुलीला फोन करून बजावलं की आईपाशी तासांचा विषय काढायचा नाही. मुलगी पलीकडे जरा घुटमळली, मग बरं म्हणाली. पुढचे पंधरा दिवस मिनिटराव मूग गिळून बसले. बायको तयारी करत होती आणि हे तिच्या मागेमागे फिरत होते, जणू कधीही तोंडून काही निसटेल.

घरी आल्यावर त्यांनी वरचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. कुंड्यांना पाणी घातलं. पाणी वाहून अंगणात गेलं तरी घालत राहिले. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. खरी परीक्षा दहाची होती. दहा वाजता बायको आपल्या हिशेबाने पोचणार. पिशवी मांडीवर घेणार, पदर सारखा करणार, आणि खिडकीतून बघणार तर खाली पाणी. शेजाऱ्याला विचारणार. कुणीतरी हसून बोटांवर मोजून दाखवणार की बाई, अजून अकरा तास. त्या क्षणाला तिच्या छातीत काय होईल हे मिनिटरावांना चाळीस वर्षांच्या अनुभवाने अगदी स्वच्छ दिसत होतं. दार ठोठावेल. उतरवा म्हणेल. आणि तिथे ना पाण्याची टाकी, ना वळण.

दहाच्या ठोक्याला दारावर थाप पडली आणि मिनिटराव खुर्चीतून दोन बोटं वर उडाले.

आला होता कासव. हा त्यांच्या डेपोतला जुना चालक. उभ्या नोकरीत एकदाही वेळेआधी पोचला नाही म्हणून कासव, आणि एकदाही कुठे आदळला नाही म्हणून मिनिटरावांचा लाडका. वहिनींच्या थांब्यावर सर्वांत जास्त वेळा बस उभी केली ती यानेच. वहिनी गेल्या, साहेब एकटे असतील, म्हणून तो चहाची पावडर घेऊन आला होता, कारण साहेबांना घरातली सापडणार नाही हे त्याला माहीत होतं.

त्याने चहा ठेवला, साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला. काय झालं म्हणून विचारलं. मिनिटरावांनी आधी काही नाही म्हटलं, मग हवा बरी नाही म्हटलं, आणि मग सगळं ओकून टाकलं.

कासवाने गॅस बंद केला. त्याच्या दृष्टीने हे म्हणजे देवळातल्या पुजाऱ्याने दानपेटी फोडण्यासारखं होतं.

"साहेब, तुम्ही वहिनींना खोटी वेळ दिलीत?"

"कागदावर तशीच होती," मिनिटराव पुटपुटले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. खाई त्याला खवखवे, दुसऱ्याने विचारायची गरज नसते.

कासवाच्या फोनमध्ये विमानं दाखवणारा नकाशा होता. नातवाने घालून दिला होता, म्हणे. त्याने तो उघडून टेबलावर ठेवला. निळ्या पाण्यावर एक इवलंसं पिवळं विमान, हलतंय की नाही तेसुद्धा कळेना. खाली अंतर लिहिलेलं होतं: बारा हजार सहाशे किलोमीटर. मिनिटरावांच्या डोक्याने सवयीने हिशेब केला. लांब पल्ल्याच्या बसच्या वेगाने रात्रंदिवस न थांबता चालवलं तर तेरा दिवस. कासवाला विचारलं तर तो म्हणाला की माझ्या हातात दिली तर वीस धरा. दोघंही हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं.

मग कासवाने बोट दाखवलं. विमान सरळ जायचं सोडून वरच्या बाजूने भलामोठा वळसा घेत होतं. चालक नवा आहे की काय, अशी त्याला शंका आली. मिनिटरावांनी समजावलं की पृथ्वी गोल आहे, त्यामुळे कागदावर लांबचा दिसतो तोच रस्ता जवळचा असतो. "कागदावर दिसतं तसं नसतं रे," असं बोलून गेले आणि मग त्यांनी कप खाली ठेवला.

कासव साधा माणूस होता, पण गाडीत कुणी घाबरलं तर काय करायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. सांत्वन करायचं नाही, गाडी उभी करायची. तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "चला साहेब. वहिनींचा थांबा आला."

मिनिटरावांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते मुकाट्याने उठले. दोघं फाटकाबाहेर आले, कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत गेले, उभं राहून दोन मोठे श्वास घेतले आणि परत आले. तिकडे तिला उतरता येत नसेल तर निदान इकडे कुणीतरी उतरावं, असा काहीसा तो प्रकार होता. याचा विमानाला काही उपयोग नव्हता हे दोघांनाही समजत होतं. पण मिनिटरावांच्या छातीवरचा दगड बोटभर सरकला एवढं खरं.

मग दर तासाला हेच चाललं. कासव म्हणायचा थांबा आला, की दोघं बाहेर. समोरच्या इस्त्रीवाल्याने तिसऱ्या खेपेला विचारलं की काका, काही हरवलंय का. कासवाने सांगितलं की नाही, गाडी थोडी गरम झालीय, पाणी घालतोय.

दुपार कलली. कासवाला भूक लागली. साहेबांनी सकाळचा डबा अर्धाच खाल्लेला, उरलेला यानेच संपवला होता. त्याने फ्रिज उघडून खालच्या डब्याला हात घातला तशी मिनिटरावांनी बसल्या जागेवरून हाक मारली की तो नको, तो रात्रीचा आहे. पोचल्याचा फोन आल्याशिवाय उघडायचा नाही असं ती बजावून गेलीय.

कासव डबा धरून तसाच उभा राहिला. फ्रिजचं दार उघडंच.

"साहेब," तो सावकाश म्हणाला, कारण तो सगळंच सावकाश करायचा, "वहिनींच्या हिशेबाने त्या सकाळी दहालाच पोचायच्या होत्या ना? मग पोचल्याचा फोन रात्रीच्या जेवणाला कसा?"

मिनिटराव उठून फ्रिजपाशी आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळा तपासलेला माणूस, आणि बायकोचं एवढं एक वाक्य त्यांनी तपासलं नव्हतं. सकाळपासून ते कानात होतं. वरचा सकाळचा, खालचा रात्रीचा, रात्रीचा माझा फोन आल्याशिवाय नाही. तीन तासांत पोचणारी बाई असं बोलेल? ती म्हणाली असती, पोचले की फोन करते, मग सकाळचा डबा खा.

पण आशा धरायचीही त्यांना भीती वाटत होती. सहज म्हणाली असेल. विमानतळावर वेळ जातो, मुलीच्या घरी जाईपर्यंत रात्र होईल, असं धरलं असेल. चोराच्या मनात चांदणं, तसं त्यांना प्रत्येक गोष्टीत आपलंच पाप दिसत होतं. कासव मात्र एकदम सैल झाला. त्याने डबा जागेवर ठेवला, कोरडी बिस्किटं शोधून काढली आणि पाय पसरून बसला. आपल्याला आता काळजी नाही, असं त्याने जाहीर केलं. वहिनींना गाडीची वेळ माहीत आहे, आणि वेळ माहीत असलेला प्रवासी कधी गोंधळ घालत नाही. तरीपण दर तासाला थांबा घ्यायचं त्याने सोडलं नाही. उगाच नियम कशाला मोडा, म्हणाला.

संध्याकाळ झाली. नकाशावरचं पिवळं विमान समुद्र संपवून जमिनीच्या कडेला लागलं तेव्हा मिनिटराव उभे राहिले आणि मग बसेनात. नऊ वाजायला थोडे कमी असताना ते विमान एका जागी थांबलं. कासव म्हणाला, "लागली गाडी." मिनिटराव फोन हातात घेऊन उभे. किती वेळ गेला कोण जाणे. पहिल्यांदाच त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही.

फोन वाजला. मुलीचा नंबर, पण आवाज बायकोचा.

"अहो, घरी पोचले हो. जेवलात का?"

मिनिटरावांचा जीव भांड्यात पडला आणि त्याबरोबर दुसरंही काही फुटलं. त्यांना रडू आलं. चाळीस वर्षांत बायकोने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आजही पाहिलं नाही, पण ऐकलं. कासव उठून मुद्दाम कुंड्यांकडे गेला आणि आधीच बुडालेल्या झाडांना आणखी पाणी घालू लागला.

"मी तुला खोटं सांगितलं," मिनिटराव म्हणाले. "तीन तास नव्हते. चौदा होते."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तुम्ही ताटाकडे बघून बोललात तेव्हापासून. आजपर्यंत मला वेळ सांगताना तुमची नजर कधी खाली गेली नाही." मग ती हसली. "आणि आठ वर्षं आपण सकाळचा चहा घेतो तेव्हा लेक तिकडे जांभया देत रात्रीचं जेवत असते. सातला निघून दहाला, हे कुणाच्या घड्याळाचे दहा, एवढं मला कळत नाही? मला बंद जागेची भीती आहे हो, अक्कल शाबूत आहे."

तिकिटाचा कागद आला त्याच संध्याकाळी मिनिटराव दूध आणायला गेले होते तेव्हा तिने मुलीला फोन करून सगळं विचारून घेतलं होतं. चौदा तास ऐकून रात्रभर तिला झोप आली नव्हती. मुलीला तिनेही बजावलं होतं की तुझ्या बाबांना कळू देऊ नकोस. मागून मुलीचा आवाज आला. ती बाबांना सांगत होती की पंधरा दिवस दोघांनी तिला मधे धरून कसं हैराण केलं. एकाला सांगावं तर दुसऱ्याची शपथ, या वयात आई-बापांनी असं वागावं का. तिचा आवाज इतका मोकळा मिनिटरावांनी पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता.

मग मिनिटरावांनी विचारलं की कळलं होतं तर बोलली का नाहीस.

"मी बोलले असते तर तुम्ही मला जाऊ दिलं नसतं," ती म्हणाली. "आणि मला यायचं होतं. मागच्या खेपेला मी आले नाही."

मिनिटराव फोन कानाला गच्च धरून उभे राहिले.

मग तिने प्रवास सांगितला. सगळ्यात वाईट म्हणजे दार लावलं ते. धप्प असा आवाज झाला आणि तिला वाटलं, संपलं. डोळे मिटून ती खुर्चीचा हात धरून बसली होती. पट्टा सोडायची परवानगी मिळाली तशी उठली आणि सरळ मागे चालत गेली. मागे जेवणाच्या गाड्या ठेवतात ती जागा होती आणि तिथे मागच्या दाराला वीतभर खिडकी. तिथली एक उंच पोरगी हिची अवस्था बघून काहीतरी विचारत होती. भाषा कुठली यायला. हिने छातीवर हात ठेवून दाखवला, मग खिडकीकडे बोट केलं. ती पोरगी शहाणी. तिने हिला खिडकीपाशी उभं केलं, पाणी दिलं आणि आपलं काम करत राहिली, बडबड केली नाही.

"मग मी मनाशी म्हटलं, तीन तास तर तीन तास. आधी तेवढेच काढू. तुम्हीच नाही का नव्या चालकांना सांगायचात, शेवटचं गाव बघू नकोस, पुढचा थांबा बघ. मी जागेवर बसायचे आणि जीव घाबरला की उठून मागे. मी लांबून दिसले की ती पोरगी बाजूला सरकायची. कितीदा गेले ते मोजलं नाही. मोजायचं काम तुमचं."

"मोजलं आम्ही," मिनिटराव म्हणाले, आणि दिव्याच्या खांबाची हकीकत सांगितली. कासव, इस्त्रीवाला, गरम झालेली गाडी, सगळं. तिला इतकं हसू आलं की मुलीने फोन काढून घेतला आणि काय झालं म्हणून विचारलं, आणि मग तीही हसायला लागली. तिला जास्त हसायची डॉक्टरांची मनाई होती की नाही कोण जाणे. समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी हसणं चाललं होतं, आणि मिनिटरावांना वाटलं की हे असं ऐकायला मिळण्यासाठी आपण आणखी एक खोटं बोललो असतो.

कासवाने न विचारता खालचा डबा बाहेर काढला, गरम केला आणि दोन ताटं वाढली. मिनिटराव फोन खांद्याला धरून जेवायला बसले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांना अन्नाची चव लागली.

"आणखी एक," बायको म्हणाली. आता ती हळू बोलत होती, मुलीपासून जरा बाजूला गेली असावी. "बाळ आलं की तुम्ही या. मला न्यायला."

"कुंड्या," मिनिटराव म्हणाले.

"कुंड्या कासवभाऊंना सांगा."

"गुडघा."

"गुडघा नाही, तुमची काय गोष्ट आहे ते मला लग्नाच्या वर्षापासून माहीत आहे. जत्रेतल्या पाळण्यात मी बसले होते आणि तुम्ही खाली तिकिटं धरून उभे होतात. मी कधी काही म्हटलं का? नाही म्हटलं. तुम्ही माझ्यासाठी त्या फेरीत दोन मिनिटं घातली होतीत, तीही मी कधी बोलून दाखवली नाहीत. पण आता तुमचं नातवंड इथे येणार आहे आणि मी इथे आहे. परत जाताना मी तुमच्या शेजारी बसेन. इकडे येतानाचं तेवढं तुम्ही एकट्याने काढा."

कासव समोरून बघत होता, हातातला घास हातात.

"भिऊ नका," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं. "सातला निघतं, दहाला पोचतं. तीन तासांचा तर प्रवास."

मिनिटरावांनी ताटाकडे बघितलं.

"कागदावर तर तसंच आहे," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून विचारलं, "मागच्या दाराची ती खिडकी कुठल्या बाजूला असते म्हणालीस?"